टैफूरच्या पायाची वाटणी

आमच्या उम्म-सुनुत गावात कोणी एकटं जेवत नाही. दुपार झाली की घराघरांतून एकेक परात बाहेर येते, बाभळीखाली चटया पडतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी उंटवाल्यालाही दंडाला धरून बसवलं जातं. त्याला भूक आहे का, हे त्याला कोणी विचारत नाही.

टैफूरच्या पायाचं सगळं रामायण या परातीपाशी झालं, असं मी, इथला शाळामास्तर, म्हणतो. डॉक्टर इखलास म्हणतात, "नाही उस्ताद, काट्यापाशी झालं." खरं तर दोघांचंही बरोबर आहे. तेव्हा आधी काटा.

आमच्याकडे शेळ्यांचं कुंपण बाभळीच्या फांद्यांचं असतं. नऊ वर्षांपूर्वी कुंपण नीट करताना टैफूरच्या तळपायात काटा गेला. त्यानं तो दातांनी उपटला, थुंकला आणि विसरला. पण काट्याबरोबर मातीतली बुरशी आत शिरली होती, आणि ती काही विसरली नाही. ही बुरशी मोठी शांत स्वभावाची. दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. वर्षानुवर्षं आत बसून राहते. मग एक दिवस घोट्याखाली लिंबाएवढी गाठ दिसते, गाठीला बारीक तोंडं फुटतात, आणि त्यांतून काळे दाणे गळतात, करपलेल्या तिळासारखे.

"आयुष्यभर तिळाच्या शेतात राबलो," टैफूर हसून म्हणाला होता. "आता पीक पायातच यायला लागलं."

त्याचा थोरला भाऊ जाबिर मात्र हसला नाही. जाबिरला हेच झालं होतं. त्याच्या वेळचं औषध रोज, दोन्ही वेळा, वर्ष-दीड वर्ष घ्यायचं होतं. आठव्या महिन्यात तो कंटाळला आणि त्यानं ते सोडून दिलं. दुखतच नव्हतं, मग घ्यायचं कशाला? पुढं बुरशी हाडात गेली आणि शहरात नेऊन गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. तेव्हापासून त्याच्या काखेत कुबडी आहे आणि जिभेला धार.

"ऐक रे," तो टैफूरला रोज एकदा तरी सांगायचा, "आपल्या दोघा भावांत मिळून आज तीन पाय आहेत. हा आकडा आणखी खाली आणू नकोस."

टैफूरला गाठ दिसली त्या वर्षी, म्हणजे रस्ते बंद पडायच्या आधी, गाड्या येत-जात होत्या तेव्हा, डॉक्टर इखलास बाभळीखाली येऊन बसल्या. त्या पलीकडच्याच तालुक्याच्या. त्यामुळे सगळ्यांच्या घरच्यांची, शेळ्यांची आणि विहिरींची खुशाली विचारून होईपर्यंत त्यांनी कामाचा विषय काढला नाही. मग म्हणाल्या, "एक नवीन औषध आलंय. रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. पण ते जुन्याइतकं चालतं का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायचंय. तुमच्याशिवाय ते शोधता येणार नाही."

शोधायची रीत मात्र लोकांच्या पचनी पडेना. प्रत्येक माणसाला दोन्ही मिळणार: रोज चार पिवळ्या कॅप्सूल आणि दर शुक्रवारी एक पांढरी गोळी. पण दोन्हींपैकी एकातच औषध. दुसरं नुसतं दिसायला. कुणाच्या कशात काय आहे, हे रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.

"म्हणजे मला फसवणार, आणि वर कशात फसवलं तेही सांगणार नाही?" जाबिर म्हणाला.

"सांगून फसवलं तर ते फसवणं होत नाही, चाचा," इखलास म्हणाल्या.

"लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यानं हेच सांगितलं होतं."

शेवटी मी शाळेतली दोन मडकी आणवली. एकात साखरेचं पाणी, एकात साधं. दोन्हींवर फडकं. पोरांना म्हटलं, आधी सांगतो की यात गोड आहे, मग प्या. साधं पाणी पिऊनही निम्मी पोरं म्हणाली, "गोड आहे, उस्ताद!" एकानं तर ओठ चाटले. मोठी माणसं हसली. मनाला जे हवं असतं ते जिभेलाही लागतं. म्हणून फडकं घालायचं. एवढंच समजावायचं होतं.

तरीही गावात दोन पक्ष पडलेच. पिवळ्यांचा पक्ष म्हणे, रोज चार घ्यायच्या म्हणजे खरं औषध तेच, चार बैल ओढतात ते एक बैल ओढेल का? पांढऱ्यांचा पक्ष म्हणे, सरदार आठवड्यातून एकदाच बाहेर पडतो, शिपाई रोज फिरतात.

टैफूरची गाठ चाचणीला हवी तेवढीच होती, म्हणून त्याला घेतलं. शेजारच्या हम्मादची गाठ फार मोठी निघाली. त्याला इखलास म्हणाल्या, "तुम्ही या चाचणीत बसत नाही, पण शहरात या, नेहमीचं औषध सुरू करू." हम्माद म्हणाला, "तीळ काढून झाले की येतो." तीळ निघाले, मग ज्वारी आली, मग मुलीचं लग्न ठरलं. चहावाल्या कल्तूमचाही पाय सुजत होता, पण तपासणीच्या दिवशी ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती.

इखलास दर महिन्याला येत. गाठीवर टेप लावत, फोटो काढत, रिकाम्या पाकिटांची मोजणी करत. टैफूरची पाकिटं पाहून त्या खूश होत. एकही कॅप्सूल उरलेली नाही, पाकिटं चपटी करून दोऱ्यानं बांधलेली.

"असा रोगी मला दुसरा नाही," त्या म्हणाल्या.

गाठ मात्र होती तेवढीच. पाचव्या महिन्यात तर ती बोटभर वाढली.

त्याच आठवड्यात मी वर्गात भागाकार शिकवत होतो. फळ्यावर चार खजूर काढले. "चार खजूर, खाणारे तिघं. कसे वाटाल?"

कुणी म्हणालं एकेक द्यायचा आणि एक ठेवून द्यायचा. कुणी म्हणालं उरलेल्याचे तीन तुकडे करायचे. टैफूरची नात तहानी सात वर्षांची. ती उभी राहून ठणकावून म्हणाली, "हम्मादकाकाला एक, कल्तूममावशीला एक आणि आजोबांना दोन. कारण आजोबा जास्त आजारी आहेत."

"अगं, तुझे आजोबा खजूर असे वाटतात होय?"

"खजूर नाही, उस्ताद. पिवळ्या. आणि शुक्रवारी पांढरी असते ना, ती सुरीनं कापतात. तिचे तीन तुकडे. समान."

माझ्या हातातला खडू तिथंच राहिला. भागाकार तिला उत्तम आला होता. तसं मी तिला सांगितलं आणि वर्ग लवकर सोडला.

टैफूर अंगणात दोरीच्या खाटेवर बसून वाळलेल्या भेंड्या निवडत होता. मी काही बोलायच्या आत त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"पोरगी बोलली वाटतं."

"टैफूर, अरे तुझा पाय!"

"उस्ताद, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, जेवण झालं की लगेच घ्यायचं. जेवण कुठं होतं? परातीवर. समोर हम्माद बसलेला, त्याचा पाय माझ्यापेक्षा सुजलेला. मी त्याच्यादेखत खिशातून काढून एकट्यानं तोंडात टाकू? माझ्या आईनं मला असं वाढवलंय?"

"आणि कल्तूम?"

"कल्तूम चहाचे पैसे घेत नाही माझ्याकडून. तिला एक कॅप्सूल नको द्यायला?"

"पण तिघांच्या वाटणीचं जेवण नाही रे हे. एकाच्या पायाला लागेल एवढंच मोजून दिलंय."

"थोडं थोडं सगळ्यांना लागेल."

आतून जाबिरचा आवाज आला, "लागेल, लागेल! सगळ्यांचे पाय थोडे थोडे कापायला लागतील!"

टैफूर म्हणाला, "बघतो." आमच्या गावात 'बघतो' म्हणजे काय, हे आमच्याकडे पाहुणा म्हणून आलेल्यालाही दुसऱ्या दिवशी कळतं.

माझ्यापुढं आता पेच पडला. इखलासना सांगावं तर टैफूरचं नाव चाचणीतून काढतील आणि औषधच बंद होईल, अशी भीती. न सांगावं तर पाय जाणार. मी दोन दिवस मनात घोळवत बसलो. साठ वर्षांच्या वयात मी पोरांना रोज सांगतो की चूक लपवली की दुप्पट होते, आणि स्वतः मात्र कोपऱ्यात उभा.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला इखलास आल्या. बाभळीखाली खाट टाकली होती, टैफूरचा पाय उशीवर होता. त्यांनी टेप लावला, पुन्हा लावला. मग टेप गुंडाळून ठेवला.

"चाचा, खोटी आशा दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "गाठ वाढतेय. अशीच वाढली तर दोन-तीन महिन्यांत हाडापर्यंत जाईल. मग शल्यक्रियेत गाठ नाही, पाय काढावा लागेल."

टैफूरनं जाबिरच्या कुबडीकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

इखलासनी कागद पुढं ओढला. "तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत. एकही गोळी चुकवली नाहीत. तेव्हा इथं मला लिहावं लागेल की औषध पूर्ण घेऊनही उपयोग झाला नाही."

मला खोकला आला. खोकला खरा नव्हता. टैफूर माझ्याकडे बघेना.

"टैफूर," मी म्हटलं, "उस्मानचं पोतं कुठं आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उस्मान आमच्या गावचा. अकरा वर्षांपूर्वी तो आखातात कामाला गेला, जाताना तिळाचं एक पोतं टैफूरकडे ठेवून गेला. टैफूरकडे सगळं गाव वस्तू ठेवतं. कुणाची किल्ली, कुणाच्या बांगड्या, एकाची तर शेळी चार वर्षं होती.

"आहे की," टैफूर म्हणाला. "आतल्या खोलीत. दरवर्षी उन्हात घालतो आणि परत शिवतो."

"दुष्काळ पडला होता त्या वर्षी तुझ्या घरात काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग पोतं फोडलंस?"

"तोबा, तोबा!" टैफूर खाटेवर ताठ बसला. "ते माझं आहे का? ती अमानत आहे!"

"हम्माद उपाशी असता तर त्याला त्यातलं मूठभर दिलं असतंस?"

"माझ्या ताटातलं सगळं दिलं असतं. अमानतीतला दाणा दिला नसता."

"बरं," मी म्हटलं. "आणि डॉक्टरीणबाईंनी या पिवळ्या-पांढऱ्या तुझ्याकडे कशाला दिल्या?"

"माझ्या पायासाठी."

"फक्त?"

तो विचारात पडला. मी थांबलो. वर्गातही मी इथं थांबतो. उत्तर मुलाच्या तोंडाशी आलेलं असतं तेव्हा मास्तरनं जीभ आवरावी.

"शोधायला," तो हळूच म्हणाला. "पुढं ज्यांना काटा लागेल त्यांच्यासाठी."

"म्हणजे या गोळ्या कुणाच्या?"

टैफूरनं पाय उशीवरून खाली घेतला. मग इखलासकडे तोंड करून, जमिनीकडे बघत, सगळं सांगितलं. परात, हम्माद, कल्तूम, सुरी. शुक्रवारच्या गोळीचे तुकडे समान असत, हेही त्यानं आवर्जून सांगितलं.

इखलास आधी हसल्या. पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या. आणि मग हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

"चाचा, तुम्हाला कळतंय का मी आत्ता काय लिहिणार होते? हा कागद फार लांब जातो. नवीन औषध तुमच्या वाट्याला आलेलं असतं तर त्याच्या नावावर अपयश लिहिलं गेलं असतं. जुनं असतं तर जुन्याच्या. आणि बिचारं औषध अर्धं हम्माद आणि कल्तूमच्या पोटात!"

"मी तर आधीच म्हणत होतो," जाबिर म्हणाला, "या माणसाच्या हातात भाकरीसुद्धा देऊ नका."

"आता मला काढणार?" टैफूरनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला तहानीची आठवण झाली.

"ते एकटीनं ठरवायचा अधिकार मला नाही," इखलास म्हणाल्या. "मी खरं आहे तसं लिहीन, कोणत्या महिन्यापासून किती वाटलंत ते सगळं. ज्यांनी चाचणी आखलीय ते ठरवतील. पण काढलं तरी तुमचा उपचार थांबणार नाही, हा माझा शब्द. आणि त्या दोघांना बोलवा आधी."

हम्माद आला. त्याला त्याच गाडीत बसवून शहरात नेलं, ज्वारी शेतात उभी असतानाच; त्याच्या बायकोनं पाठीमागून ढकललं. कल्तूमचा पाय इखलासनी उलटसुलट करून पाहिला, दाबला, आणि विचारलं, "या चपला कधीच्या?"

"लग्नातल्या."

"तुमच्या?"

"धाकट्या बहिणीच्या."

तो बुरशीचा रोग नव्हताच. चपला दोन बोटं लहान होत्या, त्यानं घट्टे पडून पाय सुजला होता. पाच महिने ती बाई त्यावर रोज एक पिवळी आणि दर शुक्रवारी पांढरीचा तुकडा घेत होती. ही औषधं यकृताला जड, म्हणून इखलासनी तिच्या यकृताची तपासणी केली, सुदैवानं सगळं ठीक निघालं. कल्तूम आजही सांगते, "काही म्हणा, पिवळीनं मला बराच आराम पडला होता." पिवळ्यांच्या पक्षाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

दहा दिवसांनी निरोप आला: टैफूरला पुढं चालू ठेवता येईल, त्याची नोंद वेगळ्या शेऱ्यानं राहील.

आता खरी कसोटी परातीवर होती. पहिल्या दुपारी जेवण झालं, सगळ्यांनी हात चाटले, आणि टैफूरनं खिशातून पाकीट काढलं. सगळे पाहत होते. तो लाजेनं लाल झाला. शेवटी तो उठला, बाभळीच्या पलीकडे गेला, आमच्याकडे पाठ केली आणि मोठ्यानं म्हणाला, "भावांनो, माफ करा! अमानत गिळतोय!"

"गीळ, गीळ!" आम्ही ओरडलो.

"पाणी पी वरून," जाबिर म्हणाला, "नाहीतर अमानत घशात अडकून उस्मानचं पोतं व्हायची."

हे रोज दोन वेळा चाललं. पोरंसोरं खेळातसुद्धा दाणा तोंडात टाकताना "अमानत गिळतोय" म्हणायला लागली. पण सातव्या महिन्यात टेप थांबला, नवव्यात मागं सरकला. पुढं शहरात नेऊन उरलेली गाठ काढली. हाड शाबूत होतं. टैफूर घरी आला तेव्हा पायाला पट्टी होती आणि पट्टीत पाय होता. जाबिरनं पट्टीकडे बराच वेळ पाहिलं, मग नाक शिंकरलं आणि म्हणाला, "तीनच ना? मोजून घेतो."

औषध संपल्यावर महिन्याभरानं एका सकाळी मी शाळेकडे निघालो होतो. दोघे भाऊ रस्त्यानं चाललेले दिसले. टैफूरच्या पायात जाड तळाचे जोडे होते, जाबिर कुबडीवर त्याच्यापुढं. तपासणीच्या केंद्राकडे जाणारी गाडी उद्या होती.

"आजच कुठं?" मी विचारलं.

टैफूरनं मूठ उघडली. तळहातावर एक पिवळी कॅप्सूल होती, कागदात गुंडाळलेली.

"ही उरली," तो म्हणाला. "एकच. पाकीट गादीखाली राहिलं होतं."

"उरली कशी? रोज घेतलीस ना?"

"हम्मादच्या मुलीच्या लग्नात विसरली," जाबिर म्हणाला. "मांसाच्या परातीपुढं याला अमानत आठवली नाही."

"त्या वेळच्या दोनांतली एकच हो, उस्ताद," टैफूर म्हणाला. "पण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घेतल्या असं लिहिलंय. ते खोटं झालं ना? जाऊन सांगतो आणि परत देतो."

"उद्या गाडीनं जा की. चार कोस चालायचंय."

"गाडीत चौघं ओळखीचे भेटतील," जाबिर म्हणाला. "हा कुणाला तरी देऊन टाकेल."

टैफूर हसला, पण त्यानं मूठ लगेच मिटून घेतली. ते पुढं गेले. धुळीत तीन पावलांचे ठसे आणि कुबडीचं गोल भोक उमटत गेलं. मी शाळेत गेल्यावर पोरांना बाहेर आणून ते मोजायला लावले. तहानीनं पहिल्यांदा चार म्हटलं, कुबडी धरून. मी म्हटलं, पुन्हा मोज.